पडद्यावरचा मावळा आणि पंचवीस ओळींची स्क्रिप्ट

दिवाळी तोंडावर आली की आमच्या मावळात घरोघरच्या अंगणात किल्ले उभे राहू लागतात. लोहगड आणि विसापूर डोळ्यांसमोरच असल्यामुळे मुलांना नमुन्यासाठी चित्राचे पुस्तक उघडावे लागत नाही. विटा, दगड, पोत्याचे तुकडे आणि चिखल एवढ्या सामग्रीवर तट चढतो, बुरूज होतात, आळीव किंवा मोहरी पेरून गडाला हिरवळ आणली जाते, आणि मग बाजारातून मातीचे मावळे येतात. हे मावळे कधी एका रांगेत मांडून नीट पाहावेत. एक भालदार, एक पहारेकरी, एक तांबड्या पगडीचा, एक पांढऱ्या मुंडाशाचा. पण पुष्कळदा साचा सगळ्यांचा एकच. नाक तेच, खांदे तेच, पायांची ठेवण तीच. फरक असतो तो केवळ रंगाचा. कुंचल्याने अंगरखा बदलला की तीच माती निराळा माणूस होऊन उभी राहते.

ही गोष्ट ज्याच्या ध्यानात आली, त्याला आजच्या विषयाचा अर्धा भाग समजला असे आम्ही म्हणू. हल्लीची मुले संगणकावरच्या आणि मोबाइलवरच्या खेळांत ज्याला ‘स्किन’ म्हणतात, ती म्हणजे दुसरे तिसरे काही नसून साच्यातल्या मावळ्यावरचा रंग होय. ती स्किन सर्व्हरवरून आपल्या घरी उतरवून घेण्यासाठी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यावयाच्या हुकमांची एक यादी, कशी लिहावी हे येथे सांगावयाचे आहे. विषय पोरकट वाटेल. पण आम्हांला त्याच्याकडे वळावे लागले ते एका बारा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांतल्या पाण्यामुळे, आणि त्यातून जे प्रश्न निघाले ते मुळीच पोरकट नव्हते.

तळेगावला आमच्या भाच्याचा मुलगा असतो. त्याने एका उन्हाळ्याच्या सुटीत ‘माइनक्राफ्ट’ नावाच्या खेळासाठी स्वतःच्या हाताने एक मावळा रंगविला. आठ-दहा संध्याकाळी खपून त्याने पगडीचा पीळ, कमरेचा शेला, पायांतल्या वहाणा असे सारे ठिपक्याठिपक्यांनी भरले. पुढे पावसाळा आला. मावळातला पाऊस कसा असतो हे येथील मंडळींना सांगावयास नको. भिंतींना ओल आली, विजेचे येणे-जाणे चालू राहिले, आणि एके दिवशी घरातला जुना संगणक बंद पडला तो कायमचाच. दुरुस्ती करणाऱ्याने आतली साठवणीची तबकडीच गेल्याचे सांगितले. मुलाने मूळ चित्राची दुसरी प्रत कोठेच ठेवली नव्हती. “आजोबा, माझा मावळा गेला,” एवढेच तो म्हणाला.

आठ दिवसांनी त्याचा फोन आला. मित्राच्या घरी त्याने आपल्या नावाने खेळ उघडला होता, आणि काय आश्चर्य, मावळा तेथे पगडी-शेल्यासह चालत होता! “आजोबा, तो दिसतो, पण हातात येत नाही. मग तो आहे तरी कुठे?”

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी मावळा म्हणजे नेमकी काय वस्तू आहे ते पाहू.

माइनक्राफ्ट हा स्वीडनमधील मोजँग या मंडळीचा खेळ. २०११ साली तो पूर्ण स्वरूपात बाहेर पडला आणि २०१४ साली मायक्रोसॉफ्टने अडीच अब्ज डॉलर मोजून ती कंपनी विकत घेतली. या खेळातील सारे जग चौकोनी ठोकळ्यांचे. त्यातला माणूसही ठोकळ्यांचाच. डोके म्हणजे आठ ठिपके लांब, आठ रुंद आणि आठ उंच असा ठोकळा. धड आठ रुंद, बारा उंच आणि चार जाड. हात आणि पाय प्रत्येकी चार रुंद, बारा उंच, चार जाड. झाला साचा! तो सर्वांना सारखाच. फक्त हातांच्या बाबतीत एक सवलत आहे: ज्याला बारीक हात हवे असतील त्याला चाराऐवजी तीन ठिपक्यांचे मिळतात.

आता या ठोकळ्यांना रंग कसा लागतो? शिंपी जसा अंगरख्याचे भाग आधी सपाट कापडावर आखून घेतो, पाठ येथे, बाही तेथे, कळी पलीकडे, तसेच येथे असते. एक सपाट चित्र असते, ६४ ठिपके रुंद आणि ६४ ठिपके उंच, म्हणजे एकूण ४०९६ ठिपक्यांचे. चित्राच्या कोणत्या कोपऱ्यातला तुकडा अंगावर कोठे बसावयाचा हे आधीच ठरलेले असते. चेहऱ्याचा तुकडा ८ गुणिले ८, म्हणजे अवघ्या ६४ ठिपक्यांचा. तेवढ्यात मुलाने डोळे, मिशी आणि कपाळावरचा गंध बसविला होता. ज्याला हिशेबाची हौस आहे त्याने करून पाहावा: डोक्याच्या सहा बाजूंचे ठिपके ३८४, धडाचे ३५२, दोन हातांचे ४४८ आणि दोन पायांचे ४४८, मिळून १६३२. अंगावर आणखी एक वरचा थर चढविता येतो, पगडी किंवा शेला वर उठून दिसावा म्हणून, त्याचेही तितकेच. एकूण ३२६४ ठिपके कामी येतात आणि ८३२ कापडाच्या कातरणासारखे बाजूला राहतात. हे सपाट चित्र ‘पीएनजी’ नावाच्या प्रकारच्या फाईलमध्ये साठविलेले असते. मुलाचा हरवलेला मावळा म्हणजे ही एक चिमुकली फाईल. दोन-तीन हजार बाइटांपलीकडे तिची मजल नाही.

ही फाईल मित्राच्या घरी कोठून आली? मुलाने ती मुळात खेळाच्या कंपनीकडे पाठविली होती, तेव्हापासून तिची एक प्रत कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे मागेल त्याला माहिती पुरविणाऱ्या त्यांच्या संगणकावर, पडून आहे. कोणी खेळात शिरला की आजूबाजूच्या प्रत्येक खेळाडूचा संगणक तिकडे विचारणा करतो, “या माणसाचा पोशाख कोणता?” आणि उत्तर येते. म्हणजे ती प्रत गुप्त नाही. ती सर्वांना दाखविण्यासाठीच ठेवलेली आहे. खेळ जी विचारणा करतो तीच आपण केली, आणि आलेले उत्तर पडद्यावर दाखवून विसरून जाण्याऐवजी फाईल करून जपून ठेवले, की काम झाले. आमची स्क्रिप्ट याहून अधिक काहीही करीत नाही.

मात्र विचारणा एका दमात होत नाही. तिला तीन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी नावाची. खेळाडूचे नाव सांगून त्याचा क्रमांक मागावयाचा. नाव असताना क्रमांक कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या घाटमाथ्यावरच आहे. आपल्या लोणावळ्याशेजारी खंडाळा आहे, आणि पुण्याहून साताऱ्याकडे जाताना लागणारा खंडाळाही आहे; तो तर तालुक्याचे गाव. नुसते ‘खंडाळा’ लिहून पत्र टाकले तर ते कोणत्या घाटात जावे? अशा घोटाळ्यांवर उपाय म्हणून डाक खात्याने १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा अंकी पिन कोड सुरू केला. त्याची योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे डाक खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे कवी होते. गावाच्या नावात घोटाळा होईल, पण ४१०४०१ म्हटले की पत्र लोणावळ्यालाच येणार. खेळातल्या नावाचीही तीच कथा. खेळाडू आपले नाव बदलू शकतो. सोडलेले नाव पुढे दुसरा घेऊ शकतो. क्रमांक मात्र जन्मभर तोच राहतो. तो पिन कोडपेक्षा फार लांब, बत्तीस चिन्हांचा असतो, कारण गावे हजारो आणि खेळाडू कोट्यवधी.

दुसरी पायरी क्रमांकाची. तो दुसऱ्या खिडकीवर दाखविला की खेळाडूची नोंद मिळते. पण नोंदीतला महत्त्वाचा मजकूर प्रथमदर्शनी अगदी अगम्य दिसतो: रोमन अक्षरे आणि अंक यांची शेकडो चिन्हांची एक सलग माळ. आम्हांला प्रथम वाटले की येथे कुलूप लावलेले आहे आणि आपला मार्ग खुंटला. वस्तुतः तसे काही नव्हते. आपल्याकडे पुष्कळांच्या घरी आजोबा-पणजोबांचे मोडी कागद असतात. नातवाला ते गूढ वाटतात; पण ते काही सांकेतिक लिपीत दडविलेले नसतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रुमाल उघडून मोडीचा जाणकार ते भराभर वाचतो. ही माळही तशीच. तिला ‘बेस चौसष्ट’ म्हणतात. मोठी रोमन अक्षरे २६, लहान २६, अंक १० आणि आणखी दोन चिन्हे, मिळून ६४ चिन्हांत कोणताही मजकूर मांडण्याची ही एक रीत. मूळचे तीन बाइट घेतले की त्यांची चार चिन्हे होतात. हेतू लपविण्याचा नसून, वाटेत कोठे मजकूर बिघडू नये एवढाच. पायथन भाषेला एका ओळीत सांगितले की ती ही माळ उलगडून देते, आणि आत खेळाडूचे नाव, क्रमांक, नोंदीची वेळ आणि आपल्याला हवा असलेला पोशाखाच्या चित्राचा पत्ता दिसतो. हात बारीक असतील तर तसा शेराही तेथेच असतो.

तिसरी पायरी सोपी. त्या पत्त्यावर जाऊन चित्र घ्यावयाचे आणि फाईलमध्ये उतरवावयाचे.

आता स्क्रिप्ट. पायथन ही भाषा गिडो व्हॅन रॉसम या डच गृहस्थांनी १९९१ साली प्रथम प्रसिद्ध केली. ती विनामूल्य मिळते आणि तिची वाक्ये पुष्कळशी साध्या इंग्रजी हुकमांसारखी वाचता येतात. आम्हांला लागणारी तीनही हत्यारे तिच्या पेटीत मुळातच असतात: पत्त्यावर जाऊन मजकूर आणणारे एक, नोंदी वाचणारे दुसरे, आणि बेस चौसष्ट उलगडणारे तिसरे. वेगळे काही बसवावे लागत नाही. आमच्या पंचवीस ओळींचा मराठी सारांश असा:

१. खेळाडूचे नाव विचारून घे.
२. पहिल्या खिडकीवर नाव दे. आलेल्या उत्तरातून क्रमांक काढ. असे नाव नाही असे उत्तर आले तर तसे सांग आणि थांब.
३. दुसऱ्या खिडकीवर क्रमांक दे. आलेल्या नोंदीतून चिन्हांची माळ काढ.
४. माळ उलगड, आतून चित्राचा पत्ता घे. पत्ता नसेल तर या खेळाडूने स्वतःचा पोशाख चढविलेलाच नाही असे सांग आणि थांब.
५. पत्त्यावरून चित्र आण.
६. आणलेली वस्तू खरोखर पीएनजी आहे की नाही ते तपास.
७. खेळाडूचे नाव आणि आजची तारीख फाईलला देऊन ती जपून ठेव.

यातील प्रत्येक ‘तर’ आम्ही ठेच लागल्यावर लिहिला, हे कबूल केले पाहिजे. पहिल्या वेळी नाव सापडत नाही म्हणून ४०४ हा अंक परत आला. हा सर्व्हरचा ठरलेला नकार असतो. अर्धा तास डोके खाजविल्यावर मुलानेच चूक दाखविली. “आजोबा, तुम्ही मधे आडवी रेघ दिलीत. माझ्या नावात ती खाली असते!” दुसऱ्या वेळी चित्र आले, पण फाईलमध्ये लिहिताना पायथनने तक्रार केली. चित्र म्हणजे अक्षरे नव्हेत, नुसते बाइट होत. ते त्याच रूपाने लिही असे आम्ही सांगितले नव्हते. हुकमात एका अक्षराची भर पडताच काम झाले.

सहाव्या ओळीविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण घाईत ती गाळण्याचा मोह होतो. सर्व्हरकडून कधी चित्राऐवजी चुकीची सूचना येते, आणि स्क्रिप्ट बिचारी तीच मावळ्याच्या नावाने जपून ठेवते. दोन वर्षांनी फाईल उघडावी तर आत मावळा नाहीच. म्हणून तपासणी हवी. प्रत्येक पीएनजी फाईलचे पहिले आठ बाइट ठरलेले असतात: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. यातील दुसरा, तिसरा आणि चौथा अंक म्हणजे पी, एन आणि जी या अक्षरांचेच क्रमांक. हे आठ जुळले तर पुढे जा, नाही तर ठेवू नकोस. वाण्याकडचा रुपया पूर्वी जसा दगडावर वाजवून घेत, तसेच हे आहे.

एका संध्याकाळी सुमारे सातच्या सुमारास फाईल उतरली. ती मोठी करून पडद्यावर लावली. कपाळावरचा गंध, शेल्याचा काठ, सारे जागच्या जागी होते. मुलाने लगेच तिच्या दोन प्रती केल्या, एक वडिलांच्या संगणकावर आणि एक पेन ड्राइव्हवर. पुन्हा सांगण्याची गरज पडली नाही.

येथपर्यंत कथा गोड आहे. पण स्क्रिप्ट चालू लागली तशी मुलाची भूक वाढली. “आजोबा, एका नावाचे येते, तर शंभर नावांचे का नाही?” खरेच आहे. एका ओळीची भर घातली की हीच स्क्रिप्ट नावांची यादी घेऊन रात्रभर चित्रे ओढीत बसेल. आम्ही तेथे थांबलो, आणि थांबण्याची दोन कारणे त्याला सांगितली.

पहिले कारण सर्व्हरचे. सार्वजनिक नळावर ज्याने त्याने एक घागर भरावी. कोणी पंपच लावला तर रांगेतल्या मागच्यांना पाणी मिळत नाही. सर्व्हरही अशा पंपवाल्याला ओळखतात आणि ४२९ हा अंक पाठवितात. त्याचा अर्थ, “फार वेळा मागितलेस, आता दम धर.” असा अंक आला की स्क्रिप्टने थांबावे, आणि मुळात दोन मागण्यांमध्ये काही क्षण जाऊ द्यावेत. चार मित्रांचे पोशाख त्यांच्या सांगण्यावरून उतरविणे निराळे आणि अनोळखी शेकडोंचे उपसणे निराळे.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. दिसते म्हणून ते आपले होत नाही. आपल्या देशाचा कॉपीराइट कायदा १९५७ सालचा. त्यात चित्राला संरक्षण देताना ते कलादृष्ट्या चांगले असले पाहिजे अशी अट घातलेली नाही. म्हणजे बारा वर्षांच्या मुलाने ४०९६ ठिपक्यांत काढलेला मावळासुद्धा त्याचे स्वतःचे चित्र ठरतो, आणि त्यावरचा हक्क चित्रकाराच्या हयातीत व पश्चात साठ वर्षे राहतो. हे ऐकून मुलाची छाती फुगली. मग आम्ही विचारले, “तुझ्या मावळ्यावर दुसऱ्याने आपले नाव घातले तर चालेल का रे?” तो म्हणाला, “नाही.” “मग दुसऱ्याच्या चित्राचे?” तो काही बोलला नाही, पण शंभर नावांची यादी त्याने पुन्हा काढली नाही.

आता पालकांसाठी थोडे. सर्वच खेळांत पोशाख अशा साध्या चित्राच्या रूपाने नसतो. पुष्कळ खेळांत तो पैसे देऊन घ्यावा लागतो, आणि तेथे आपण विकत घेतो ती वस्तू नसून कंपनीच्या वहीतली एक नोंद असते: अमक्याला हा पोशाख घालण्याची मुभा आहे. चित्र उतरवून ती मुभा मिळत नाही, आणि खेळच बंद झाला तर नोंदीचा उपयोग राहत नाही. पबजी मोबाइल या खेळावर २०२० च्या सप्टेंबरात आपल्या सरकारने बंदी घातली, आणि ३० ऑक्टोबर २०२० पासून त्याची येथील सेवा थांबली. ज्यांनी पोशाखांवर पैसे घातले होते त्यांच्या हाती काही उरले नाही. २०२१ साली तो खेळ नव्या नावाने परत आला आणि जुन्या खेळाडूंना आपली नोंद तिकडे नेण्याची सोय देण्यात आली, ही गोष्ट निराळी. मधल्या काळात ती वही आपली नव्हती, हे त्यांना पुरते कळून चुकले.

या अज्ञानावरच लबाडांचा धंदा चालतो. “फुकट स्किन घ्या, केवळ आपला पासवर्ड येथे भरा,” अशा जाहिराती मुलांच्या पुढ्यात येतात. आमच्या पंचवीस ओळी पुन्हा पाहा. त्यांत पासवर्ड कोठेही विचारलेला नाही. तो लागतच नाही, कारण जे सर्वांना दाखविण्यासाठी ठेवले आहे तेच आपण मागतो. ज्याला काम कसे चालते हे ठाऊक आहे, तो मुलगा अशा जाहिरातीपुढे थबकून विचारील, “याला माझा पासवर्ड कशाला हवा?” कुलपाची शिकवण शंभर वेळा देण्यापेक्षा एकदा ही स्क्रिप्ट त्याच्याबरोबर बसून लिहावी, असे आमचे मत झाले आहे. आणि एवढे करूनही कोणाचे पैसे गेलेच, तर लाजून घरात बसू नये. १९३० या सरकारी क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. जितका उशीर तितके पैसे दूर जातात.

एक गोष्ट मात्र आमच्या मनात राहून राहून येते. त्या पावसाळ्यात संगणक बुडाला तेव्हा त्याच्याबरोबर घरातल्या एका लग्नाची छायाचित्रे आणि आमच्या बहिणीच्या आवाजातल्या काही ओव्याही गेल्या. त्या कोणत्याही सर्व्हरवर नव्हत्या, म्हणून त्यांना आणावयास कोठली खिडकी नव्हती. मावळा वाचला तो योगायोगाने, कारण तो खेळासाठी बाहेर पाठविला गेला होता. तेव्हा आपल्या घरी जे एकाच तबकडीवर आहे, त्याची दुसरी प्रत पावसाळा येण्यापूर्वी करून ठेवा. त्यासाठी स्क्रिप्टचीही गरज नाही.

गेल्या दिवाळीत तळेगावच्या अंगणात नेहमीप्रमाणे लोहगड उभा राहिला. बाजारातून एक मावळा रंग न दिलेला, कोऱ्या मातीचाच आणला होता. मुलाने शेजारी स्टुलावर उतरविलेले चित्र उघडून ठेवले आणि ठिपके मोजीत मोजीत कुंचल्याने पगडी रंगविण्यास बसला. शेल्याचा काठ त्याला मातीवर साधेना. तो आम्ही धरून दिला.